मदत हवी आहे: म्हाडाचं घर लागलं, पण पगारपत्रक नाही म्हणून कर्ज अडलंय

कोकण मंडळाच्या सोडतीत आईच्या नावावर अत्यल्प उत्पन्न गटातलं घर लागलंय, ठाणे जिल्ह्यात. किंमत साधारण २० लाख. आई चार घरी स्वयंपाक करते, मी भाड्याची रिक्षा चालवतो. दोघांचे मिळून महिन्याला २८-३० हजार होतात, पण जवळपास सगळे रोखीत. भारतात कुठेही आमच्या नावावर पक्कं घर नाही. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून घेतलाय. जवळ चारेक लाख आहेत, त्यामुळे १६ लाखांचं कर्ज लागेल. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता १४ हजारांच्या घरात जातो, वर सोसायटीचा देखभाल खर्च. गट 'अत्यल्प', हप्ता मात्र कमाईच्या निम्मा!

दोन सरकारी बँकांनी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली. आमच्याकडे ती नाहीत. एक खासगी वित्त कंपनी तयार आहे, पण व्याज साडेबारा टक्के, ते झेपणार नाही. दलालाला घर विकायचा सल्ला कृपया देऊ नका, नियमात बसत नाही आणि आम्हाला राहायचंच आहे.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाखांचं व्याज अनुदान आहे, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे आधी कर्ज मंजूर व्हायलाच हवं.

पैसे भरायची मुदत सुरू झालीये, म्हणून विचारतो: रिक्षा चालवायचा परवाना, बॅज आणि बँकेचे व्यवहार पाहून, विवरणपत्रांशिवाय दहा टक्क्यांच्या आत कर्ज कुणाला मिळालंय का? आणि घर आईच्या नावावर असताना मला फक्त सहकर्जदार करायला म्हाडाचं वेगळं ना हरकत पत्र लागतं का?