प्रति: अमिताभमुळे कॅडबरी वाचली?
चॉकलेटमधल्या अळ्यांच्या प्रकरणातून कॅडबरी कशी सावरली, यावर ‘अमिताभला आणलं आणि लोक अळ्या विसरले, पीआर (जनसंपर्क) म्हणजे एवढंच’ असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. आधी क्रम बघा. ऑक्टोबर २००३, ऐन दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्राच्या एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीचा पहिला पवित्रा काय, तर दोष दुकानातल्या साठवणुकीचा. तो मुद्दा खरा असेलही, पण गिऱ्हाईकाला त्याचं काय? त्याच्या हातात वडीच आहे. उलट ज्या वाण्याने माल खपवायचा, त्यालाच आरोपी केलं.

मग ‘विश्वास’ नावाची मोहीम निघाली, दुकानदारांना साठवणूक शिकवली गेली आणि २००४ च्या सुरुवातीला वेष्टनच बदललं. पूर्वी नुसती दुमडलेली चांदी आणि वर कागद असायचा, नखाने सहज उघडायचा. नंतर सगळीकडून सीलबंद प्लॅस्टिक आलं. अमिताभच्या जाहिराती आल्या त्या या बदलाच्या जोडीने. दाखवायला नवं वेष्टन नसतं तर बच्चनसाहेब सांगणार काय होते, कपाळ? आमच्याकडे शिकाऊ मुलं अजूनही प्रेसनोटची सुरुवात ‘आमची चूक नाही’ने करतात, तेव्हा मी हेच प्रकरण पुढे ठेवतो.