पंगतीनंतरचा काटा

वजन उतरवायला रोज चालणाऱ्याचं चार दिवस चालणं तुटलं की मन उठतं, असं कोणी म्हटलं तर पटतं. पण पंगतीच्या दुसऱ्या दिवशी वजनाचा काटा पाहून सगळंच सोडून द्यायचं, हे काही पटत नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. गरजेपेक्षा इतकं जास्तीचं एका रात्रीत पोटात जाणं कठीण, रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) कितीही तुपात बुडवले तरी. मग काटा दीड-दोन किलो वर कसा? शरीर जास्तीच्या पिठूळ-गोडाचं काही ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीतला प्रकार) करून साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. शिवाय वांग्याच्या भाजीतलं मीठ आणखी पाणी अडवतं. रोजची भाजी-भाकर सुरू झाली की थोड्या दिवसांत हे उतरतं.

आमच्या यवतमाळकडे चालण्यात खंड ठरलेलेच. कापूस वेचणीत वेगळं फिरायला वेळ कोणाला, आणि मे महिन्यात नऊनंतर बाहेर पाय टाकवत नाही. म्हणून लग्नसराईत मी काट्यावर उभीच राहत नाही, आठवड्यानं पाहते. फक्त सासूबाईंच्या "एका रोडग्यानं काय होते वं!" यावर उपाय सापडलेला नाही. कोणाजवळ असला तर सांगा.