बटणं कोडमधून बनवताना: अजून दोन गोष्टी
तुझ्या बेकरीच्या बिलिंग प्रोग्राममध्ये लूपने बनवलेलं उंडे, पोई, काकणं (गोव्याचे पाव) कुठलंही बटण दाबलं की इंडेक्स आउट ऑफ रेंज, म्हणजे यादीत नसलेला क्रमांक मागितल्याचा एरर, येतो म्हणतोस, त्यात विनफॉर्म्सचा (विंडोजवर खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीचा) काय दोष नाय रे, सी शार्पच्या फॉर लूपमधला आय हा मोजणीचा व्हेरिएबल सगळ्या लॅम्बडांत (बटणांना जोडलेल्या निनावी फंक्शनांत) एकच असतो आणि क्लिक होईपर्यंत लूप संपून तो आठवर पोचलेला असतो, आयटम मात्र शून्य ते सात. २०१२ च्या सी शार्प ५ पासून फॉरईचमध्ये (यादीतला एकेक आयटम घेणाऱ्या लूपमध्ये) हे सुधारलंय, फॉरमध्ये नाही. मी तर लॅम्बडाच्या भानगडीत पडतच नाही, आयटमचा कोड बटणाच्या टॅगमध्ये (सोबत माहिती ठेवायच्या प्रॉपर्टीत) ठेवायचा, सगळ्यांना एकच हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) आणि आत सेंडरला, म्हणजे ज्यावर क्लिक झालं त्याला, बटणात कास्ट करून टॅग वाचायचा. बस.

वर कोणीतरी कॅटेगरी बदलताना बटणांचा पॅनल रिकामा करायला कंट्रोल्स.क्लिअर सांगितलंय ते अर्धवट आहे. त्याने बटणं नुसती दिसेनाशी होतात, डिस्पोज होत नाहीत (त्यांनी धरलेली विंडोजची साधनं सुटत नाहीत), त्यांची हँडल साचत जातात आणि विंडोजची डिफॉल्ट मर्यादा एका प्रोसेसला १०,००० यूझर ऑब्जेक्टची (खिडक्या, बटणं असल्या गोष्टींची), म्हणजे दिवसभर कॅटेगरी बदलत राहणाऱ्या काउंटरवर ऐन संध्याकाळच्या पावाच्या गर्दीत प्रोग्राम आडवा. काउंट शून्य होईपर्यंत व्हाइलमध्ये पहिल्या कंट्रोलला डिस्पोज करत जा. फॉरईचने करू नकोस, डिस्पोज झालेलं बटण यादीतून निघून जातं आणि एकाआड एक बटण शिल्लक राहतं.