एसेंडन (मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लब): अजून किती वर्षं "पुढच्या सीझनला बघू" म्हणत बसायचं?

बॉम्बर_टार्नीट
स्पष्टच बोलतो, २०२६ची मेंबरशिप मी रिन्यू करत नाहीये आणि इथल्या बाकी एसेंडनवाल्यांनीही करू नये असं माझं मत आहे. २०२५ला १८ टीममध्ये १५वे, अख्ख्या सीझनमध्ये ६ विजय, ते सहाच्या सहा मेपर्यंतच, नंतर पूर्ण हिवाळा नुसता मार खाल्ला. वर तेव्हाचा कॅप्टन झॅक मेरेटच म्हणाला मला दुसऱ्या क्लबला, हॉथॉर्नला जाऊ द्या, क्लबने सोडला नाही म्हणून राहिला. म्हणजे कॅप्टनचा विश्वास नाही आणि आम्ही ठेवायचा?

फायनल्समधला (सीझननंतरच्या बाद फेरीतला) शेवटचा विजय सप्टेंबर २००४चा, मेलबर्नविरुद्ध, तोही ५ पॉइंटनी. आत्ताच्या टीममधली काही पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यानंतर फायनल्सला गेलो की काय झालं बघा, २००९ अ‍ॅडलेडकडून ९६ने, २०११ कार्ल्टनकडून ६२ने, २०१७ सिडनीकडून ६५ने, २०१९ वेस्ट कोस्टकडून ५५ने, २०२१ बुलडॉग्जकडून ४९ने. याला हरणं म्हणत नाहीत, लाज काढणं म्हणतात. ऐंशी हजारांच्या वर मेंबर आहेत, दरवर्षी पैसे येतात, मग बोर्डाला घाई कशाला असेल?

मकरंद_पॉइंटकुक
भावा, राग समजतो पण जरा थंड डोक्याने घे. यावर्षी टीमच कुठे होती? अर्धी टीम फिजिओच्या टेबलावर, गुडघे गेलेले, डझनाच्या वर पोरांना एकाच सीझनमध्ये डेब्यू द्यावा लागला. अशा टीमकडून जुलैमध्ये कोण जिंकणार होतं?

आणि ब्रिस्बेन बघ. कोच क्रिस फेगन २०१७ला आला, पहिल्याच वर्षी टीम सगळ्यात खाली, दुसऱ्या वर्षी पण ५च विजय. काढला का त्याला? नाही. २०१९ला दुसऱ्या नंबरवर, आणि २०२४, २०२५ लागोपाठ दोन प्रीमियरशिप, म्हणजे कप. आपण त्याजागी असतो तर २०१८च्या ऑगस्टलाच हाकलला असता. कोच बदलून काही होत असतं तर आपण आत्तापर्यंत पाच कप उचलले असते.

झणझणीत_स्नेहल
मकरंददादा, ब्रिस्बेनचं उदाहरण सगळे देतात पण अर्धंच सांगतात. ब्रिस्बेनने आधी मान्य केलं की आपण वाईट आहोत, मग ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) पोरं घेतली, वाढवली, टिकवली, आणि नंतर अनुभवी लोक आणले. त्यातला एक आपलाच जो डॅनिहर, २०२०ला गेला आणि २०२४ला मेडल गळ्यात घालून रिटायर झाला. त्याच २०२०ला आपले साद कार्ल्टनला, फँटेशिया पोर्ट अ‍ॅडलेडला गेले.

आपण खड्ड्यात जातो पण खड्ड्यात आहोत हे कधी म्हणत नाही. दरवेळी "दोन खेळाडू आणले की टॉप एट". २०२४ला अर्धा सीझन लॅडरवर (गुणतक्त्यात) वरच्या चारात होतो, सगळे सप्टेंबरच्या तिकिटांचं बोलायला लागले, शेवटी ११वे. २०२३ला पण ११वे, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये जीडब्ल्यूएसकडून (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) १२६ने हरलो ते कुणी बोलतच नाही आता. धीर धरायला माझी ना नाही हो, पण कशासाठी धरायचा ते तरी कुणी सांगा.

नाशिकचा_नवखा
मी दोन महिन्यांपूर्वीच मेलबर्नला आलोय. ही रग्बीच ना? आणि १२६ने हरतात म्हणजे नक्की काय?

बॉम्बर_टार्नीट
@नाशिकचा_नवखा रग्बी म्हणालास तर इथे ऑफिसमध्ये कुणी चहाला विचारणार नाही. ओव्हल ग्राउंड, क्रिकेटचंच, एमसीजीवर बॉक्सिंग डे टेस्ट बघतोस ना तेच. एका बाजूला १८ जण, चार क्वार्टर, मधल्या दोन उंच खांबांतून किक मारली की गोल, ६ पॉइंट, बाजूच्या बुटक्या खांबांतून गेली की बिहाइंड, १ पॉइंट. १२६ म्हणजे समोरच्याचे २१ गोल जास्त. आता विचार कर. आणि टीम अजून निवडली नसशील तर लाल पट्ट्याच्या काळ्या जर्सीपासून लांब राहा, मोठा भाऊ म्हणून सांगतो.

विंडीहिलचे_काका
पोरांनो, मी शीडीच्या काळापासून बघतोय. केव्हिन शीडी १९८१ ते २००७, एकच कोच. २००० साली अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच हरलो होतो, ग्रँड फायनल ६० पॉइंटनी जिंकली. तेव्हाही पुढे असं होईल कुणाला वाटलं नव्हतं.

सगळं बिघडलं ते इंजेक्शनच्या भानगडीनं. २०१२चा तो सप्लिमेंट प्रोग्राम, खेळाडूंना बंदी असलेलं औषध टोचल्याचा ठपका, २०१३ला फायनल्समधून बाहेर काढलं, २० लाख डॉलर दंड, ड्राफ्टचे वरचे पिक गेले, कोच हर्ड वर्षभर सस्पेंड. २०१६च्या जानेवारीत आजीमाजी मिळून ३४ खेळाडू एका वर्षासाठी बाहेर. बदली खेळाडू गोळा करून टीम उभी केली, त्या वर्षी तळाला. जोब वॉटसनचं ब्राउनलो मेडल (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं) पण गेलं. एवढ्यातून क्लब जगला हेच खूप आहे. मेंबर तेव्हा पळाले नाहीत म्हणून जगला. आज तुम्ही पळा म्हणताय.

झणझणीत_स्नेहल
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ते २०१६ होतं. किती वर्षं तेच प्रिस्क्रिप्शन दाखवायचं? २०२२ला काय झालं? बेन रटन अजून कोच होता, मॅच खेळायची बाकी होती आणि बोर्ड सगळ्या जगासमोर दुसऱ्या कोचच्या, अ‍ॅलिस्टर क्लार्कसनच्या मागे. क्लार्कसन नॉर्थ मेलबर्नला गेला, रटनला काढलं, मग ब्रॅड स्कॉट. त्यात नवा सीईओ आणला तो एका दिवसात राजीनामा देऊन गेला. यात इंजेक्शन कुठे आलं? हा निव्वळ कारभार आहे.

मॅगपाय_मंदार
कॉलिंगवूडवाला बोलतोय, शिव्या घाला. स्नेहलताईचं बरोबर आहे. आम्ही २०२१ला १७वे होतो, कोच बदलला, प्रेसिडेंट बदलला, नवा कोच मॅक्रे आला, २०२३ला कप. म्हणजे कोच बदलून होतं, फक्त त्याआधी कुणाला आणायचं ते ठरलेलं पाहिजे. आणि आता तुमच्या आमच्या दोघांच्या १६-१६ प्रीमियरशिप, एवढी आठवण असू द्या. भेटू अँझॅक डेच्या (२५ एप्रिल) मॅचला.

मकरंद_पॉइंटकुक
मंदार, तू गप रे. पण तू म्हणतोस तसंच रिचमंडचं उलटं उदाहरण आहे. २०१६ला १३वे, सगळे कोच हार्डविकला काढा म्हणून ओरडत होते, बोर्डाविरुद्ध एक गट उभा राहिला, तरी ठेवला. २०१७ला कप, ३७ वर्षांनी. तर आता कोण बरोबर?

आणि पैसे बंद करून काय होणार ते सांगा आधी. इथे क्लबला आयपीएलसारखा मालक नाहीये की धंदा बुडतोय म्हणून घाबरेल. मेंबर हेच क्लब. बोर्डावर कोण बसणार यालाही मेंबरच मत देतात. मेंबरशिप सोडलीस की मत पण गेलं, मग बस घरात टीव्हीला शिव्या देत.

बॉम्बर_टार्नीट
मत देतोच की, आणि बॅलटवर दरवेळी तेच प्रकारचे लोक, सूट घातलेले, "कल्चर", "प्रोसेस". मेलद्वारे मत मागतात, त्याच मेलमध्ये खाली रिन्यूची लिंक.

मला हरण्याचं एवढं दुःख नाही, हरतात कसे ते बघवत नाही. यावर्षी मार्व्हल स्टेडियमला बसलो होतो, तिसरा क्वार्टर. डिफेन्समधून बॉल निघतोय, हँडबॉल (मुठीने मारलेला पास) आडवा, परत आडवा, परत मागे, समोर कुणी धावतच नाही, मग घाबरून बाउंडरीलगत लांब किक, फिफ्टीच्या (गोलपासून ५० मीटरच्या रेषेच्या) आत हवेत टाकला, समोरच्याचा डिफेंडर एकटा उभा राहून मार्क (कॅच) घेतो, तीन किकमध्ये ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला गोल. दोन मिनिटांनी परत तेच, अगदी तेच. शेजारची आजी विणकाम करत होती, तिने मान वर केली नाही, नुसतं म्हणाली, लेफ्ट साइडने गेला ना? हो म्हणालो. तिला बघायची गरजच नव्हती.

ते मला सांगा कुठल्या इंज्युरीमुळे होतं. पोरं नवीन आहेत मान्य, पण बॉल आला की पुढे धावायचं हे अंडर-१२ला पण शिकवतात.

विंडीहिलचे_काका
हे मात्र खरं आहे. शीडी असता तर क्वार्टर ब्रेकलाच बघून घेतलं असतं.

नाशिकचा_नवखा
सगळं वाचलं. ऑफिसातल्या एकाने एसेंडनचाच स्कार्फ दिलाय हो, फुकट. आता कळलं का फुकट दिला.

मकरंद_पॉइंटकुक
@नाशिकचा_नवखा घाल रे बिनधास्त, मेलबर्नच्या जुलैत कामाला येईल. अँझॅक डेला ये माझ्याबरोबर, तिकीट मी बघतो.

@बॉम्बर_टार्नीट तो आडव्या हँडबॉलचा मुद्दा मला मान्य, त्यावर वाद नाही. पण त्यासाठी कोचला धर, मेंबरशिपला कशाला? तुझ्या लेकीची ज्युनियर मेंबरशिप आहे ना, ती पण बंद करणार का?

बॉम्बर_टार्नीट
तिची चालू ठेवतोय. ती ऐकतच नाहीये, मी काय करू. माझी नाही करणार म्हणजे नाही.

झणझणीत_स्नेहल
म्हणजे तिला सोडायला-आणायला प्रत्येक मॅचला जाणारच तू. कॅज्युअल तिकीट काढून. मेंबरशिपपेक्षा महाग पडेल, हिशोब कर.