चामड्याचा किल्ट आणि लोकरीचा किल्ट: स्कॉटलंडमधील लोक त्यांच्याकडे कसे पाहतात?

क्लाइडकाठी:

नमस्कार मंडळी,

नोकरीच्या निमित्ताने गेली सहा वर्षे मी ग्लासगोत राहतो. माझ्या एका स्कॉटिश सहकाऱ्याचे लग्न येत्या सप्टेंबरात पर्थशायरमध्ये आहे, आणि पुरुष पाहुण्यांनी शक्य असल्यास किल्ट, म्हणजे इथला गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पुरुषी घागरा, घालावा, असे त्याने निमंत्रणातच लिहिले आहे. माझ्याकडे लोकरीचा किल्ट नाही. दीड वर्षापूर्वी हौसेने घेतलेला काळ्या चामड्याचा किल्ट मात्र आहे.

तो मी आजवर दोनदाच बाहेर घातला. पहिल्यांदा रॉक संगीताच्या एका कार्यक्रमाला गेलो, तेव्हा तिघा-चौघा अनोळखी तरुणांनी आपणहून येऊन तो कुठे घेतला, याची चौकशी केली. दुसऱ्यांदा सेंट अँड्र्यूच्या दिवशी, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सामूहिक नृत्याच्या एका संध्याकाळी घातला. माझ्याच टेबलावर बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी दोन-तीनदा माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने विचारले, की आज रंगमंचावर माझे काही आहे काय. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरोखरच तसे वाटले होते, आणि म्हणूनच तो प्रश्न मनाला अधिक लागला.

चामड्याचा किल्ट इथल्या लोकांना अनादर वाटतो, की नुसता वेगळा प्रकार वाटतो? मी स्कॉटिश नाही, यामुळे त्यात काही फरक पडतो काय? आणखी एक गोष्ट मनात आहे. आमच्या घरी पूजेला बसताना कमरेचा पट्टा आणि पाकीटसुद्धा काढून ठेवण्याची पद्धत असल्यामुळे, दुसऱ्याच्या मंगलकार्यात कमरेभोवती सबंध चामडेच गुंडाळून जावे, हे माझे मलाच नीटसे पटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सुईदोरा:

क्लाइडकाठी, मी एडिंबरोतील एका किल्टच्या दुकानात चार वर्षे दुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे माझे उत्तर शिवणाऱ्याच्या बाजूने येईल. लोकांची नजर चामड्यावर अडते असे आपल्याला वाटते. माझ्या अनुभवात ती आधी चुण्यांवर अडते.

पारंपरिक किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास कापड लागते. दुहेरी पन्ह्याचे चार यार्ड कापड घेऊन ते लांबीत मधोमध कापतात आणि दोन्ही पट्टे जोडतात. खालची कड दुमडून शिवत नाहीत, कापडाची मूळ किनारच खाली येऊ देतात. पुढचे दोन पदर सपाट राहतात आणि बाकीचे सगळे कापड मागे पंचवीस-तीस चुण्यांत बसवतात. प्रत्येक चुणीची जागा खडूने आखून घ्यावी लागते, कारण एवढे कापड घडीत गेल्यानंतरही टार्टनच्या, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या स्कॉटिश कापडाच्या, चौकटी पाठीमागे न तुटता जुळून आल्या पाहिजेत. कमरेपासून नितंबापर्यंतचा भाग हाताने शिवायचा आणि तिथून खाली चुण्या मोकळ्या सोडायच्या. मी पहिल्यांदा एक जुना किल्ट उसवला, तेव्हा अस्तराच्या आत कॅनव्हासचा थर निघाला, आणि त्याखाली वरच्या भागातील जास्तीचे कापड प्रत्येक चुणीतून कापून काढलेले दिसले. बाहेरून सपाट दिसणाऱ्या त्या हातभर जागेत आत इतके काम असेल, याची मला कल्पनाच नव्हती. माणूस चालू लागला की मागचा घेर दोन्ही बाजूंना डुलतो. इथली माणसे लहानपणापासून लग्नांत आणि मिरवणुकांत ते डुलणे पाहत आलेली असतात, आणि किल्ट म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर तेच येते.

चामडे पन्ह्याने येत नाही, कातडीने येते. आठ यार्डांचा घेर करायचा, तर कितीतरी कातडी जोडाव्या लागतील, आणि तेवढे वजन कोणाला पेलणार नाही. म्हणून चामड्याच्या किल्टला मोजक्या, रुंद चुण्या घालतात आणि त्या यंत्रावर टीप मारून किंवा रिव्हेट ठोकून पक्क्या करतात. मऊ कोकराच्या कातड्याचे उत्तम शिवलेले किल्टही मी पाहिले आहेत, ते खरोखर देखणे असतात. पण बाजारात बहुतेक मिळतात ते जाड चामड्याचे, आणि ते चालताना डुलत नाहीत, फळीसारखे मांड्यांवर आपटतात. त्यातच ते पँटप्रमाणे कमरेखाली घालण्यासाठी बेतलेले असतात. पारंपरिक किल्ट बेंबीच्या रेषेत बांधतात आणि तो गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर संपतो. एवढा एक फरक झाला, तरी पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते, मग कापड कोणतेही असो. दुकानात आलेले म्हातारे गिऱ्हाईक पॉलिएस्टरच्या स्वस्त टार्टन किल्टलाही नाक मुरडत असे, तेही याच कारणाने.

पावसाचाही विचार करा. माझ्या यजमानांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून काळ्या चामड्याचा किल्ट मागवला होता. अर्ध्या तासाच्या पावसात त्याचा रंग सुटला आणि मोतिया रंगाच्या लोकरी मोज्यांवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळे ओघळ उतरले. ते मोजे शेवटी टाकून द्यावे लागले. लोकरीचा किल्ट भिजला तर झटकून रात्रभर टांगून ठेवला की काम भागते.

तुमच्या घरच्या पद्धतीविषयी एक सांगते. लोकरीच्या किल्टमध्येही चामडे असतेच. बाजूचे बक्कल लावलेले पट्टे, समोर लोंबणारी स्पोरन नावाची थैली, कमरेचा रुंद पट्टा आणि जोडे, हे सगळे बहुधा चामड्याचेच असते. त्यामुळे लग्नघरच्या मंडळींना चामड्याचे वावडे नाही. तुमच्या स्वतःच्या मनाला जे पटत नाही, ते मात्र तुम्ही जरूर ऐकावे.

जुनी पाने:

सुईदोराताईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण ‘पारंपरिक’ या शब्दावर थोडे थांबावेसे वाटते. ‘किल्ट’ या क्रियापदाचा जुना अर्थच वस्त्र वर घेऊन कमरेला खोचणे असा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातील, पुरुष एक लांबलचक लोकरी वस्त्र चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. आज दिसतो तो फक्त कमरेखालचा किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे, आणि टॉमस रॉलिन्सन या लोखंडाच्या कारखानदार इंग्रजाने आपल्या कामगारांसाठी तो काढला, अशी कथा सांगतात. तिच्यावर वाद आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी त्या भेटीचा सोहळा आखला आणि राजाने स्वतः टार्टनचा किल्ट घातला. लोलँडच्या, म्हणजे दक्षिणेकडील सखल भागातील, शहरी माणसालाही हा आपला पोशाख वाटू लागला, त्यात त्या सोहळ्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा किल्ट सतत बदलत आला आहे, आणि चामडे वापरले म्हणून परंपरा मोडली असे म्हणणे मला इतिहासाला धरून वाटत नाही. एडिंबरोतील हाउई निकल्सबी हे किल्टच्याच धंद्यातील घराण्यातून आलेले कारागीर डेनिमपासून चामड्यापर्यंत अनेक प्रकारचे किल्ट शिवत आले आहेत, आणि २००३ मध्ये एडिंबरोतच झालेल्या एमटीव्हीच्या युरोपीय संगीत पुरस्कार सोहळ्याला विन डीझेल हे अभिनेते चामड्याचा किल्ट घालून आले होते.

तरीही त्या वयस्क गृहस्थांची बाजू समजून घ्यावी. कलोडनच्या लढाईत हायलँडमधील बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर, १७४६ च्या कायद्याने, सैनिक सोडून स्कॉटलंडमधील पुरुषांना हायलँडचा पोशाख घालण्यास बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. ही बंदी १७८२ मध्ये उठली. ज्या वस्त्रासाठी माणसांना तुरुंग ठरवून दिला होता, त्याकडे पाहताना लोक कापडाची जाडी आणि चुण्यांची संख्या एवढेच पाहत नाहीत. चौकटींचे टार्टन हे कुळाशी, गावाशी, पलटणीशी जोडलेले असते. कोऱ्या काळ्या चामड्यावर यातले काहीच वाचता येत नाही. माझ्या मते ‘तुम्ही कोण, कुठले’ हे त्या गृहस्थांना किल्टवरून कळेना, म्हणून त्यांनी तुम्हाला कलाकार ठरवले.

टोरांटोकर:

इकडचा अनुभव थोडा निराळा आहे, म्हणून लिहितो. ऑन्टारिओतील मॅक्सव्हिल येथे १९४८ पासून ग्लेनगॅरी हायलँड खेळ भरतात. तिथे वादकांचे आणि लाकडाचा ओंडका फेकणाऱ्या मल्लांचे टार्टनचे किल्ट मैदानात दिसतात, आणि प्रेक्षकांत चामड्याचे, कॅनव्हासचे किल्ट सर्रास दिसतात. कोणी वळूनही पाहत नाही. सिएटलमधील यूटिलिकिल्ट्स या कंपनीने २००० साली खिशांचे जाड कापडी किल्ट विकायला सुरुवात केली, त्यामुळे उत्तर अमेरिकेत किल्ट हा कामाचा पोशाखही होऊ शकतो, ही कल्पना रुजली आहे.

मात्र मैदानाबाहेर, बसमध्ये किंवा कार्यालयात, दोन्ही किल्टना एकच प्रश्न झेलावा लागतो: पुरुषाने घागरा का घातला? टार्टन असले की लोक स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात, की हा स्कॉटिश दिसतो, किंवा लग्नाला निघाला असेल. चामड्याला असे तयार उत्तर मिळत नाही. मग पाहणारा आपल्या ओळखीचे काही शोधतो: मोटरसायकलस्वार, मेटल संगीत, रोमन योद्ध्यांचे चित्रपट, किंवा चामड्याचा पोशाख ही आपली ओळख मानणारे समलिंगी पुरुषांचे मंडळ. यातले काहीही कमीपणाचे नाही, आणि त्या मंडळींना तो किल्ट मनापासून प्रिय असतो. पण लग्नात पाहुण्याविषयी असा तर्क सुरू झाला, की वधूवरांवरची नजर उगाच आपल्याकडे वळते. माझ्या मते हरकतीची बाब तेवढीच.

क्लाइडकाठी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘किल्टवरून काही वाचता आले नाही’ हे वाक्य मला फार पटले. काल सहकाऱ्याला सरळ विचारले. तो म्हणाला, की मी चामड्याचा घातला तर त्याला स्वतःला आनंदच होईल, पण त्याच्या आजोबांना मला टार्टनमध्ये पाहायला आवडेल, कारण गेल्या महिन्यापासून ते विचारत आहेत, की भारतातून आलेला तुझा मित्र किल्ट घालणार ना. त्यामुळे लोकरीचा किल्ट भाड्याने घेण्याचे ठरवले आहे. आता एकच शंका उरते: माझे कुळ इथले नाही, मग कोणते टार्टन घेतले तर ते आगाऊपणाचे वाटणार नाही?

सुईदोरा:

ब्लॅक वॉच घ्या. गडद हिरवा आणि निळा, कोणीही घालावा असा मानला जातो, आणि भाड्याच्या दुकानांत सहज मिळतो. राजघराण्यासाठी राखलेले बॅल्मोरल टार्टन तुम्हाला कोणी देणारच नाही, त्यामुळे ती चिंता नको. माप देताना नेहमीच्या पँटची कंबर सांगू नका, बेंबीवरून टेप फिरवून घ्या. घालून पाहिल्यावर दुकानातच ताठ गुडघ्यांवर बसा. खालची किनार जमिनीला जेमतेम टेकली किंवा बोटभर वर राहिली, तर लांबी बरोबर आहे. आणि चुण्या मागेच राहू द्या. नवखी माणसे किल्ट उलटा गुंडाळून चुण्या पुढे आणतात, हे मी दुकानात कितीतरी वेळा पाहिले आहे.