एमजीबी: साधेपणा हा गुण, की कंपनीचा आळस?

घाटवाट:
परवा गप्पांत एकानं ठणकावून सांगितलं, "एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्सकारमधली सगळ्यात सामान्य गाडी. जग्वार ई-टाइपच्या शेजारी उभी केली तर कुणी ढुंकून बघणार नाही." मला ते लागलं, म्हणून हा धागा.

सामान्य आहे, मान्य. १९६२ साली ती इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा मोठी नवलाई एकच होती: आधीच्या एमजीए मॉडेलसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच चासीचं काम करणार. इंजिन मात्र कंपनीच्या घरगुती गाड्यांच्याच घराण्यातलं. १७९८ सीसी, ९५ अश्वशक्ती, वेग ताशी १०० मैलांच्या जरासा पुढे. पण म्हणूनच ती पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. १८ वर्षांत पाच लाखांवर गाड्या बनल्या.

मी लेस्टरला राहतो, माझ्याकडे १९६९ची आहे. तिचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं आणि साताऱ्यातली काकांची ॲम्बॅसिडर आठवली. तिचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्या इंजिनाच्याच 'बी सिरीज' घराण्यातलं. टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हमधली फट) सेट करताना हात आपोआप चालले. दोन एसयू कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारे) जुळवताना मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावतो, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडची हवेची सूं सारखी ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. गाडीवर जीव जडतो तो असा.

चौथा_गिअर:
जीव जडतो, खरंय. पण तुम्ही ज्याला साधेपणा म्हणता, त्यानंच ती संपली. मागचे पाटे आणि लीव्हरवाले जुने शॉक ॲब्सॉर्बर १९६२ला खपून गेले, पण १९८०लाही तेच? मध्ये १९६९ साली जपानची डॅटसन २४०झेड आली. सहा सिलिंडर, मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर, आणि किंमतही आटोक्यात. अमेरिकन गिऱ्हाइकानं तिकडे का वळू नये?

लाल_टोपी:
अमेरिकेचे नियम विसरताय. धक्का सोसणारे बंपर हवेत म्हणून १९७४च्या शेवटी क्रोम गेलं आणि काळे रबरी बंपर आले. गाडी इंचभराहून जास्त उचलावी लागली, त्यामुळे वळणावर झुकायला लागली. धुराच्या नियमांपायी तिकडच्या गाडीत दोनाऐवजी एकच कार्बोरेटर उरला. यात ॲबिंग्डनच्या कामगारांचा काय दोष?

चौथा_गिअर:
कामगारांना मी बोललोच नाही. पण तेच नियम डॅटसनलाही होते. एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडनं नव्या गाडीचा पैसा आपल्याच दुसऱ्या स्पोर्ट्सकारमध्ये, ट्रायम्फ टीआर७मध्ये घातला, आणि एमजीबी आहे तशी विकत राहिली. विकली जात होती, म्हणूनच कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढे पौंड वधारला, अमेरिकेत नफा उरेना, आणि १९८०च्या ऑक्टोबरमध्ये कारखान्याला टाळं लागलं.

घाटवाट:
लेलँडबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही त्यांना माफ करत नाही. पण दोष मालकांचा, गाडीचा नाही. १९६३ला ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एमजीबी सुरुवातीलाच मुलसानच्या वळणावर वाळूत रुतली. ॲलन हचेसननं दीडेक तास वाळू उपसून ती काढली, आणि २४ तास संपले तेव्हा ती बाराव्या क्रमांकावर धावत होती. एवढं सोसणारं यंत्र मागासलेलं कसं म्हणायचं?

चौथा_गिअर:
१९६३ला नव्हतंच मागासलेलं. माझा प्रश्न १९७५चा आहे, आणि तुम्ही पुन्हा ६३ला गेलात.

मायमिरची:
माझी १९७८ची, रबरी बंपरवाली. क्रोमवालीपेक्षा स्वस्तात मिळाली म्हणूनच घेता आली. सगळे सांगतात, बंपर काढ, क्रोम लाव, गाडी खाली बसव. मी नाही करणार. शेवटच्या वर्षांत, कारखाना राहील की जाईल हे माहीत नसताना, ज्यांनी ती जोडली त्यांनी ती अशीच जोडली होती. सुटे भाग म्हणाल तर मूळ साच्यांवरून अख्खी बॉडीसुद्धा १९८८पासून नवी मिळते. @चौथा_गिअर, साधी होती म्हणूनच हे जमलं ना?

चौथा_गिअर:
जमलं, आणि त्याचा मला आनंदच आहे. तरी १९७५ला तिला नवं सस्पेन्शन मिळायला हवं होतं, यावरून मी हलणार नाही.

घाटवाट:
नका हलू. लेस्टरला आलात तर मात्र ती नळी एकदा कानाला लावून बघा.