मदत हवी आहे : विकलनानंतर वर्गमुळाच्या पदांना सरळरूप कसे द्यावे?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात महाल भागात राहते. मुलगी बारावी विज्ञानाला असल्यामुळे माझे विस्मरणात गेलेले गणित पुन्हा उघडावे लागले आहे.

य = क्ष√(४ − क्ष²) या फलाचे विकलन (क्ष बदलला की य किती वेगाने बदलतो ते काढणे) करताना गुणाकाराचा नियम आणि साखळी नियम लावल्यावर आम्हाला √(४ − क्ष²) − क्ष²/√(४ − क्ष²) असे उत्तर मिळाले, परंतु पुस्तकाच्या मागे (४ − २क्ष²)/√(४ − क्ष²) असे दिले आहे. क्ष = १ ठेवल्यास दोन्हींची किंमत २/√३ येते, म्हणजे विकलन बरोबर आहे, घोडे सरळरूपापाशी अडले आहे. मुलीने सगळ्याचा वर्गच करून टाकला होता, पण राशीचा वर्ग केला की राशीच बदलते, हे तिला कसेबसे पटवले. पहिल्या पदाला √(४ − क्ष²) ने गुणून त्यानेच भागले, तर अंशात ४ − क्ष² येऊन दोन्ही पदांचा छेद समान होतो. हीच रीत योग्य आहे ना, की पुढे छेदाचे परिमेयीकरणही (छेदातले वर्गमूळ घालवणे) करावे?

शिवाय क्ष = २ असताना य शून्य येतो, मात्र विकलजाचा (विकलनातून आलेल्या उत्तराचा) छेदही शून्य होतो; मग उत्तरापुढे −२ < क्ष < २ अशी अट लिहावी का? कृपया पायऱ्यांसह सांगावे.